पावसाळी दिवशीं बागेंतून एकट्यानें

विद्यार्थिमित्रहो, आणि हा अंक सवडीनें ओट्यावर बसून वाचणाऱ्या पालकहो, आजचा धडा जपानांतील मंदिरांच्या बागांविषयीं आहे. परंतु त्याचा आरंभ कळंबास होतो, आणि तोही आमच्या स्वतःच्या एका चुकीपासून. म्हणून ती प्रथम सांगून टाकतों.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत आम्ही आठवीचा वर्ग घेऊन कळंबास सहलीला गेलों होतों. यवतमाळाहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें गांव चिंतामणीच्या देवळामुळें सर्व जिल्ह्यास ठाऊक आहे. देऊळ जमिनीच्या पातळीखालीं असल्यामुळें पायऱ्या उतरून जावें लागतें. जुन्या बांधकामाचा नमुना म्हणून मुलांनीं तें पाहावें, असा आमचा हेतु होता. पाऊस सकाळपासून लागलेला होता, आणि आमच्या खिशांत वेळापत्रकाचा कागद होता : १० वाजतां देऊळ, ११ वाजतां गांवांतून फेरी, १२ वाजतां डबे, १ वाजतां परत. त्या कागदानें आम्हांस इतकें बांधून टाकिलें होतें कीं, आम्ही देवळापेक्षां घड्याळाकडेच अधिक पाहत होतों.

निघण्याच्या वेळीं मोजदाद केली, तों एक मुलगा कमी भरला. शोधावयास गेलों. तो रस्त्याच्या कडेला एका टिनाच्या छपराखालीं उकिडवा बसून जमिनीकडे टक लावून पाहत होता. छपरास पन्हळ नव्हती. पागोळ्या एका ओळींत मातींत पडत होत्या.

“सगळे तुझी वाट पाहताहेत, आणि तू इथे काय करतोस?” आम्हीं विचारलें.

“पाणी पाहून राह्यलो जी, सर.”

“पाणी काय घरी दिसत नाही?” आम्हीं म्हटलें. वर्ग हसला. मुलगा उठला आणि मुकाट्यानें रांगेंत येऊन उभा राहिला. त्यानंतर वर्षभर आमच्या तासाला त्यानें आपण होऊन एकदांही हात वर केला नाहीं. हें आमच्या लक्षांत आलें होतें. परंतु त्याचें कारण आम्ही आहों, हें लक्षांत येण्यास पुण्याची एक पावसाळी सकाळ खर्ची पडावी लागली.

गेल्या वर्षीं आषाढांत एका कामानिमित्त आम्हांस पुण्यास जावें लागलें. काम लवकर आटोपलें, परतीची गाडी रात्रीची होती, आणि मधला सबंध दिवस मोकळा राहिला. सोबती कोणी नाहीं, शहर ओळखीचें नाहीं, त्यांत पावसाची झड. दिवस फुकट गेला, असेंच प्रथम मनांत आलें. तरी छत्री उघडून निघालों आणि सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानांत जाऊन पोंचलों. सुमारें १० एकरांचें हें उद्यान जपानी पद्धतीनें रचलेलें आहे. पुणें आणि जपानांतील ओकायामा या दोन शहरांच्या स्नेहाची ती खूण असून ओकायामा येथील ‘कोराकुएन’ या प्रसिद्ध बागेचा नमुना पुढें ठेवून तें तयार केलेलें आहे.

पहिली फेरी आम्हीं १५ मिनिटांत संपविली. हिरवळ पाहिली, पूल पाहिला, पाणी पाहिलें; झालें! सवयीप्रमाणें घड्याळ काढिलें. दिवस तर अजून सगळाच शिल्लक होता. कोणास हांक मारावयाची नव्हती, कोणाची मोजदाद घ्यावयाची नव्हती. मग निरुपायानें दुसरी फेरी सुरू केली, आणि ती करण्यास दीड तास लागला.

या दीड तासांत काय पाहिलें? वाट जेथें वळते तेथें पुढचा देखावा मुद्दाम झांकलेला असतो आणि चार पावलें टाकल्यावर तो एकदम उघडतो, हें पाहिलें. पाऊस हिरवळीवर पडतो, पाण्यावर पडतो, दगडावर पडतो आणि आपल्या छत्रीवर पडतो. या चारहि ठिकाणीं त्याचा आवाज निराळा असतो, हें ऐकिलें. पाण्यावर एका थेंबाचें वर्तुळ दुसऱ्याच्या वर्तुळांतून न मोडतां पार निघून जातें, ही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील आकृति आम्हीं इतकीं वर्षें फळ्यावर काढीत आलों. ती प्रत्यक्ष उभें राहून पाहिली ती त्या दिवशीं. बाग तीच होती, डोळेहि तेच होते. बदलली होती ती केवळ आमची चाल.

घरीं परतल्यावर या विषयावरील ग्रंथ मिळवून वाचले. क्योतो शहरीं आम्ही कधीं गेलेलों नाहीं. खालील माहिती वाचनाची आहे, हें प्रांजळपणें सांगतों.

कोराकुएन ही मंदिराची बाग नव्हे, सरदाराची आहे. ओकायामाचा अधिपति इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेवरून १६८७ मध्यें तिचें काम सुरू झालें आणि १७०० मध्यें तें बव्हंशीं पूर्ण झालें. कानाझावा येथील केनरोकुएन, मितो येथील काइराकुएन आणि ही, अशा तीन बागा जपानांत सर्वश्रेष्ठ मानितात. १८८४ मध्यें ती सर्व लोकांस खुली झाली. १९३४ च्या पुरानें आणि १९४५ च्या बाँबवर्षावानें तिची फार हानि झाली. परंतु पूर्वींचीं चित्रें आणि कागदपत्रें जपून ठेविलेलीं होतीं, त्यांवरून ती पुन्हां पहिल्यासारखी उभी करण्यांत आली. जी वस्तु आपण नीट पाहून टिपून ठेविली, ती नष्ट झाली तरी परत उभारतां येते, हा त्यांतील पहिला बोध.

मंदिरांच्या बागांची गोष्ट याहून निराळी आहे. सरदाराची बाग पाहुण्यांस फिरविण्यासाठीं. मंदिराची बाग पुष्कळदां पडवींत बसून मन स्थिर करण्यासाठीं. जपानी भाषेंत बौद्ध मंदिरांच्या नांवापुढें बहुधा ‘जी’ हें अक्षर येतें. आपल्या वऱ्हाडांत ‘जी’ म्हटलें म्हणजे समोरच्यास मान दिला. तिकडे ‘जी’ म्हणजे मंदिर. चला तर, जून महिन्यांतील एका पावसाळी दिवशीं अशा चार ‘जीं’ना आपण मनानें भेट देऊं.

पहिलें मंदिर तेनर्यूजी. याची स्थापना १३३९ मध्यें झाली आणि मुसो सोसेकी हा संन्यासी त्याचा पहिला मठाधिपति होता. मंदिराच्या इमारती आगींत पुनःपुन्हां जळाल्या. आजच्या इमारती पुष्कळ अलीकडच्या आहेत. परंतु सोसेकीनें आंखिलेल्या तळ्याची आकृति अद्यापि कायम आहे. तळ्यापलीकडे दूरचे डोंगर दिसतात. ते मंदिराच्या मालकीचे नाहींत. तथापि बाग अशी मांडिली आहे कीं, ते तिचेच भाग वाटावे. या युक्तीस जपानी लोक ‘उसना घेतलेला देखावा’ असें म्हणतात. पाऊस पडूं लागला म्हणजे ढग खालीं उतरतात, डोंगर अर्धे झांकले जातात, आणि उसना घेतलेला देखावा धनी हळूहळू परत मागून नेत आहे असें भासत असलें पाहिजे.

दुसरें साइहोजी. याचा जीर्णोद्धारहि १३३९ मध्यें त्याच सोसेकीनें केला. आज तें शेवाळाची बाग म्हणून सर्व जगांत विख्यात आहे. सुमारें १२० जातींचें शेवाळ तेथें आहे असें सांगतात. नवल हें कीं, शेवाळ लावावें असा सोसेकीचा बेत मुळींच नव्हता. पुढील काळांत मंदिरास पैशाची चणचण पडली, बागेची निगा राहिली नाहीं, आणि दमट सावलींत शेवाळ आपोआप पसरत गेलें. पुढच्या पिढ्यांनीं तें खरवडून काढिलें नाहीं. त्याची शोभा ओळखून तें राखिलें. या बागेंत वाटेल तेव्हां शिरतां येत नाहीं. १९७७ पासून आधीं अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, आणि आंत गेल्यावर प्रथम शांतपणें बसून धर्मसूत्राची अक्षरें गिरवावीं व मग बाग पाहावी, असा तेथील परिपाठ आहे. धांवत आलेल्या माणसाचें मन आधीं चालतें करावें, मग त्याच्या पायांस वाट दाखवावी, हाच त्याचा अर्थ.

तिसरें र्योआनजी, स्थापना १४५० मधली. येथील बागेंत झाड नाहीं, पाणी नाहीं. सुमारें २५ मीटर लांब व १० मीटर रुंद अशा चौकांत पांढरी खडी पसरलेली आहे व तींत १५ दगड पांच पुंजक्यांनीं मांडिलेले आहेत. खडीवर दांताळ्यानें रेघा ओढितात. पडवींत कोठेंहि बसा, सगळे १५ दगड एकाच वेळीं दिसत नाहींत. एक तरी दुसऱ्याआड जातो. ही रचना कोणी केली, याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या अंगणांत १५ गोटे मांडून हा प्रयोग अवश्य करून पाहावा. तो वाटतो तितका सोपा नाहीं.

चौथें तोफुकुजी. मंदिर जुनें, पण बाग १९३९ मधली. शिगेमोरी मिरेई या रचनाकारानें ती केली. मंदिरांतील जुन्या फरशा टाकून न देतां त्यानें त्या उत्तरेच्या बाजूस शेवाळांत बुद्धिबळाच्या पटासारख्या बसविल्या. घराघरांतून निघालेल्या जुन्या फरशा आपण कोठें टाकितों, हें आठवून पाहावें!

आतां मुख्य प्रश्न : अशा बागा पावसांत कशाला पाहाव्या? कोरडा दिवस पाहून गेलें तर काय बिघडलें?

पहिलें कारण पंचांगाचें आहे. आपल्याकडे मृग लागतो त्याच सुमारास, जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत, क्योतोकडे पावसाचा हंगाम सुरू होतो व तो जुलैच्या मध्यापलीकडे चालतो. त्या पावसाचें जपानी नांव ‘आलुबुखार’ व ‘पाऊस’ अशा अर्थाच्या दोन अक्षरांनीं लिहितात. कारण तिकडे त्या वेळीं तत्सदृश फळ पिकत असतें. तेव्हां पाऊस हा तेथील बागेचा पाहुणा नसून घरचाच माणूस आहे.

दुसरें कारण दगडाचें. तुमची दगडी पाटी कोरडी असतां राखी दिसते आणि ओलें फडकें फिरवितांच काळीभोर होते. हें तुम्हीं पाहिलें असेल. कोरड्या खडबडीत पृष्ठावरून प्रकाश चोहोंकडे विखुरला जातो, म्हणून तें फिकट दिसतें. पाण्याचा पातळ थर बसला म्हणजे प्रकाश दगडांत अधिक शिरून तेथेंच शोषला जातो. परत येणारा थोडा उरतो आणि रंग गडद होतो. जपानांत चहाच्या समारंभास पाहुणे येण्यापूर्वीं यजमान बागेंतील वाटेवर व दगडांवर मुद्दाम पाणी शिंपितो. जें काम यजमान हातानें करितो, तें पाऊस आपण होऊन करितो, एवढाच भेद.

तिसरें कारण शेवाळाचें. शेवाळास खरीं मुळें नसतात. तें आपल्या पानांनींच पाणी पितें. उन्हांत तें आक्रसून मेल्यासारखें होतें, आणि पाऊस पडतांच थोड्या वेळांत पानें उलगडून हिरवेंगार होतें. आपल्या विहिरीच्या कठड्यावर चैत्रांत जो काळा पापुद्रा दिसतो, तोच आषाढांत मखमल होतो. तो मेलेला नव्हता, वाट पाहत होता.

चौथें कारण वळचणीचें आहे, आणि तें वाचीत असतां आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलों. जपानांतील जुन्या मंदिरांच्या छपरांस पुष्कळ ठिकाणीं पन्हळी नसत. पागोळ्या सरळ खालीं पडत. त्या जेथें पडतात तेथें भिंतीलगत खडीचा किंवा गोट्यांचा अरुंद पट्टा घालून ठेवितात. तेणेंकरून मातींत खड्डे पडत नाहींत, चिखल भिंतीवर उडत नाहीं, पाणी शांतपणें मुरतें किंवा वाहून जातें, आणि पागोळ्यांचा आवाजहि मंजुळ होतो. म्हणजे तो गोट्यांचा पट्टा ज्यानें प्रथम घातला, तो मनुष्य त्याआधीं केव्हां तरी पावसांत छपराखालीं उकिडवा बसून जमिनीकडे टक लावून पाहत असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलास आम्हीं शाळेंत गांठलें. तो आतां उंच झाला आहे. मधल्या सुटींत त्यास बाजूला घेऊन विचारलें, “कळंबला त्या दिवशी तू नेमकं काय पाहत होतास?” तो प्रथम घाबरला. मग म्हणाला :

“सर, जिथं गोटा होता ना जी, तिथं खड्डा पडत नव्हता. बाकी ठिकाणची माती वाहून जाऊन राह्यली होती. आमच्या घरची भित अशीच ओली होत होती दरसाल. मग बाबाले सांगतलं. नाल्यातले गोटे आणून टाकले आम्ही वळचणीखाली.”

“मग?”

“मग नाही झाली ओली. एवढी.”

आम्हांस पुढें बोलवेना. एक सबंध वर्ग देऊळ पाहून परतला होता, आणि त्यांतील बहुतेकांस पायऱ्यांवांचून कांहीं आठवत नव्हतें. ज्यानें खरोखर कांहीं पाहिलें आणि पाहिलेलें घरच्या भिंतीच्या उपयोगास लाविलें, तो एकच विद्यार्थी होता. आणि त्यालाच आम्हीं सर्वांसमक्ष हंसें केलें होतें.

येथें कित्येक पालक म्हणतील, “गुरुजी, बागांचें कौतुक पुण्या-जपानच्या लोकांना, आमच्या जिल्ह्यांत पाऊस ही करमणूक नव्हे.” हें म्हणणें अक्षरशः खरें आहे. मृग कोरडा गेला तर दुबार पेरणीची चिंता. अति झाला तर काळ्या रानांत पाणी सांचून कपाशी पिवळी पडावयाची. वेचणीच्या वेळीं आला तर फुटलेलीं बोंडें भिजावयाचीं. ज्या घरांत पावसाच्या एका खंडानें वर्षाचा हिशेब चुकतो, त्या घरास पाऊस ‘रम्य’ आहे असें सांगणें म्हणजे त्याची थट्टा करणें होय, आणि तसें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट आम्ही असें म्हणतों कीं, पावसांत एकट्यानें सावकाश चालण्याची विद्या कोणास ठाऊक असेल तर ती तुम्हांसच. सर ओसरतांच डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शेतकरी बांधाबांधानें फिरतो; पाणी कोठें थांबलें, कोठून फुटलें, माती कोठें गेली, हें पाहतो. त्याची ती फेरी आणि मंदिराच्या माळ्याची फेरी यांत फारसें अंतर नाहीं. ही विद्या तुमच्या मुलांना घरांतच मिळत असते. शाळेंत येऊन ती त्यांच्यापासून हिरावली जाऊं नये, एवढीच काळजी शिक्षकांनीं व पालकांनीं मिळून घेतली पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस या पावसाळ्यांत एक पाठ करावयाचा आहे. त्यास वही लागत नाहीं. एखाद्या पावसाळी दिवशीं ओळखीची एकच जागा निवडा : शाळेचें आवार, गांवचें देऊळ किंवा चर्च, मशिदीबाहेरील चिंच, नाहीं तर घरची परसबाग. एका दिवशीं एकच जागा, दोन नकोत. घरीं सांगून जा. वीज कडाडत असेल तर मुळींच जाऊं नका. झाडाखालीं उभें राहूं नका. नाल्याच्या पाण्यांत पाय घालूं नका. शेवाळलेल्या दगडावर पाऊल जपून टाका. सोबत कोणी नको, कारण सोबती असला म्हणजे आपण पाहण्याऐवजीं बोलूं लागतों. पहिली फेरी नेहमींच्या चालीनें करा. मग थांबा, आणि त्याच वाटेनें दुसरी फेरी करा. प्रत्येक १० पावलांनंतर उभे राहा. पाणी कोठून येतें व कोठें जातें, एवढा एकच प्रश्न मनांत ठेवा. घरीं आल्यावर जें पाहिलें तें घरच्यांपैकीं कोणास तरी सांगा. जो ऐकेल त्यानें, पालकहो, “पाणी काय कधी पाहिलं नाही?” असें म्हणूं नये, ही हात जोडून विनंति.

आमच्या शाळेच्या उत्तरेकडील पडवीखालीं दरवर्षीं पागोळ्यांनीं खड्ड्यांची एक रांग पडते, आणि तो चिखल मुलांच्या पायांनीं वर्गांत येतो. यंदा पाऊस सुरू होण्यापूर्वीं नाल्यांतील गोटे आणून तेथें पट्टा घालावा असें आम्हीं योजिलें आहे. पट्टा किती रुंद असावा, गोटे केवढे घ्यावे, हें आम्हांस नीट कळत नाहीं. तें त्या मुलास विचारिलें आहे, आणि तो मापें घेऊन सांगणार आहे. त्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण त्यास संकोच वाटेल. परंतु जो वर्ग त्या दिवशीं हसला होता त्याच्यासमोर, आणि तुम्हां सर्वांसमोर, आम्ही त्याची क्षमा मागतों. त्यानें गेल्या आठवड्यांत आमच्या तासाला हात वर केला होता.